‘आले’ म्हणजे जाणे : एका फ्रेंच क्रियापदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजात फ्रेंच घेतलेली मुलं, डेल्फच्या (फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्राच्या) परीक्षेला बसणारे नोकरदार आणि मुलांचा अभ्यास घेणारे पालक यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात, बहुतेक वेळा परीक्षेच्या आदल्या रात्री. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत.

उच्चार देवनागरीत दिले आहेत. त्यातला ‘झ’ इंग्रजी ‘व्हिजन’मधल्या मधल्या आवाजासारखा, ‘ज़’ आपल्या ‘जरा’मधल्या ‘ज’च्या जवळचा आणि ‘आं’, ‘ओं’ नाकातले. स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथे अक्षरं सुटी लिहिली आहेत.

१. ‘आले’ म्हणजे नक्की काय? मराठीत तर याचा अर्थ अगदी उलटा होतो!

होतो खरा, आणि पहिल्या तासाला वर्गात त्यावर हशा पिकतोच. फ्रेंचमध्ये ‘आले’ (ए-एल-एल-ई-आर, शेवटचा आर मुका) म्हणजे जाणे. पण तेवढ्यावर भागत नाही. तब्येत विचारताना, काम कसं चाललंय हे सांगताना, एखादा रंग कुणाला शोभतो म्हणताना आणि ‘आता अमुक करणार आहे’ असं सांगतानाही हेच क्रियापद लागतं. खिडकीवर तिकीट काढताना तर ते नाम होतं. ‘आले सँप्ल’ म्हणजे फक्त जाण्याचं तिकीट, ‘आले-रतूर’ म्हणजे जाऊन-येऊन.

२. वर्तमानकाळ एकदा चालवून दाखवाल का?

झ व्हे (व्ही-ए-आय-एस) – मी जातो, जाते
त्यु व्हा (व्ही-ए-एस) – तू जातोस, जातेस
इल / एल / ओं व्हा (व्ही-ए) – तो जातो, ती जाते, आपण जातो
नू-ज़ालों (ए-एल-एल-ओ-एन-एस) – आम्ही जातो
व्हू-ज़ाले (ए-एल-एल-ई-झेड) – तुम्ही जाता
इल / एल व्हों (व्ही-ओ-एन-टी) – ते जातात, त्या जातात

‘नू’ आणि ‘व्हू’ यांचा एरवी मुका असलेला एस पुढच्या स्वरामुळे ‘ज़’ होऊन जागा होतो. बोलताना ‘नू-ज़ालों’ कमीच ऐकू येतं, त्याऐवजी ‘ओं व्हा’ म्हणतात. परीक्षेत मात्र दोन्ही यायला हवं.

३. शेवटी ई-आर आहे, मग हे पहिल्या गटातलं नियमित क्रियापद का नाही?

कारण गट नुसत्या शेपटीवरून ठरत नाही. पहिल्या गटात मूळ अंग सगळीकडे ओळखू येतं. इथे ‘व्हे’, ‘आलों’ आणि भविष्यकाळातलं ‘इरे’ शेजारी ठेवले तर ते एका घरातले आहेत यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून ई-आर शेवट असूनही तिसऱ्या, म्हणजे अनियमित क्रियापदांच्या गटात टाकलेलं हे एकमेव क्रियापद. ‘आंव्वाये’ (पाठवणे) भविष्यकाळात ‘आंव्हेरे’ होऊन थोडा दंगा करतं, पण त्याला पहिल्या गटातच ठेवतात.

४. एकाच क्रियापदाची इतकी वेगवेगळी रूपं आली कुठून?

हे मुळात एक क्रियापद नाहीच. तीन लॅटिन क्रियापदांची मोडतोड होऊन एक संसार उभा राहिला आहे. तक्ता पाठ करायला माझा विरोध नाही. पण कुठलं रूप कुठल्या घरातून आलं हे कळलं की पाठांतराचं ओझं अर्ध्यावर येतं.

लॅटिनमध्ये ‘जाणे’साठी मुख्य क्रियापद होतं ‘ईरे’. त्याची रूपं फारच आखूड: एओ, ईस, इत. बोलण्याच्या ओघात अशी रूपं टिकेनात. मग लोकांनी त्यांच्या जागी ‘वादेरे’ या जरा दणदणीत शब्दाची रूपं घातली. त्याचा अर्थ झपझप पुढे जाणे, आणि इंग्रजी ‘वेड’ (पाण्यातून चालत जाणे) हा त्याचा दूरचा नातलग. वर्तमानकाळातली व्हे, व्हा, व्हा, व्हों ही चार रूपं या ‘वादेरे’ची. ‘ईरे’ भविष्यकाळात आणि त्याच्या जोडीच्या संकेतार्थात तग धरून राहिलं (प्रश्न ७). उरलेलं सगळं, म्हणजे आलों, आले, आलां, आले हे भूतकालवाचक रूप, अपूर्ण भूतकाळ ‘झाले’, हे तिसऱ्या घरातलं, आणि तिथेच वादाला तोंड फुटतं (प्रश्न ५).

असा गोंधळ एकट्या फ्रेंचनेच घातलेला नाही. इटालियनमध्ये ‘मी जातो’ म्हणजे ‘वादो’, पण ‘आम्ही जातो’ म्हणजे ‘आंदियामो’. विभागणी अगदी फ्रेंचसारखीच: ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ वेगळ्या घरातले, बाकी सगळे ‘वादेरे’चे.

५. ‘आलों’चं मूळ ‘अँब्युलन्स’च्या मुळाशी जुळतं असं वाचलं. खरं आहे का?

सर्वाधिक मान्य मत तेच आहे, पण त्यावर सगळ्यांची सही नाही. लॅटिन ‘आम्बुलारे’ म्हणजे फिरणे, चालणे. ते झिजून ‘आलारे’ झालं आणि त्यातून फ्रेंच ‘आले’ आलं, असं हे मत. आठव्या शतकाच्या सुमाराच्या, अवघड लॅटिन शब्दांचे सोपे अर्थ देणाऱ्या रायखेनाउ शब्दसूचीत ‘आलारे’ची रूपं सापडतात, त्यामुळे शेवटचा टप्पा पक्का आहे. अडचण मधल्या टप्प्याची. ‘आम्बुलारे’तला ‘म्ब’ असा सहजासहजी गळून पडत नाही. नेहमीच्या ध्वनिनियमांत तो बसत नसल्यामुळे काही जण म्हणतात, हा शब्द सैन्यातल्या हुकुमात झिजला असावा. कवायतीत ‘सावधान’मधलं नुसतं ‘धान’ ऐकू येतं ना, तसं. हे पटण्यासारखं आहे, सिद्ध झालेलं नाही. इटालियन ‘आंदारे’ आणि स्पॅनिश ‘आंदार’ यांच्या मुळाबद्दलही असेच वाद आहेत.

‘अँब्युलन्स’चं मात्र नक्की आहे. सैन्यामागोमाग हलणाऱ्या इस्पितळाला फ्रेंचमध्ये ‘ओपिताल आंब्युलां’, म्हणजे फिरतं इस्पितळ, म्हणत. त्यावरून हा शब्द झाला आणि पुढे गाडीला चिकटला. ‘मार्शां आंब्युलां’ म्हणजे आपला फेरीवाला.

६. मराठीत असा प्रकार आहे का?

आहे, आणि रोज तोंडात असूनही आपल्या लक्षात येत नाही. ‘जातो’चा भूतकाळ ‘जालो’ का होत नाही? कारण ‘जा’ हा संस्कृत ‘याति’वरून प्राकृत ‘जाइ’च्या वाटेने आला आणि ‘गेला’ हा ‘गम्’ धातूच्या ‘गत’वरून. दोन धातू, एक क्रियापद. ‘जातो-गेलो’ आपण चार वर्षांचे असताना पचवलं आहे, तर ‘व्हे-आलों’ अवघड वाटायचं कारण नाही.

दहावीला संस्कृत घेतलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. ‘इ’ धातूचा वर्तमानकाळ आठवा: एमि, एषि, एति, इमः, इथ, यन्ति. आता लॅटिन ‘ईरे’चा बघा: एओ, ईस, इत, ईमुस, ईतिस, एउंत. ‘इमः’ आणि ‘ईमुस’ सख्खे चुलतभाऊ आहेत. फ्रेंच भविष्यकाळातला ‘इ’ याच घराण्यातला.

७. भविष्यकाळात एकदम ‘इ’ कुठून उगवतो? आणि आर एक की दोन?

आर एकच. ‘कूररे’ (धावेन) आणि ‘व्हेरे’ (बघेन) यांच्या स्पेलिंगमध्ये दोन आर असतात, त्यामुळे मुलं इथेही दोन घालतात आणि गुण घालवतात.

रूपं अशी: झीरे, त्यु इरा, इल इरा, नू-ज़िरों, व्हू-ज़िरे, इल-ज़िरों. फ्रेंच भविष्यकाळ मूळ क्रियापदाला ‘आव्वार’ (जवळ असणे) याची वर्तमानकाळी रूपं जोडून झाला आहे. लॅटिन बोलणारा ‘ईरे हाबेओ’ म्हणे, जवळपास आपल्या ‘मला जायचं आहे’सारखं. त्यातलं ‘ईरे’ म्हणजे फ्रेंचमधलं ‘इर’, आणि ‘हाबेओ’ची शेपटी झाली ‘ए’. त्यामुळे शेवट वेगळे पाठ करायची गरज नाही. ‘आव्वार’ येत असेल तर ते येतातच, फक्त ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’मध्ये ‘आव्ह’ गळतो.

संकेतार्थ ‘झीरॅ’ (गेलो असतो, जाईन म्हणतो) याच अंगाला अपूर्ण भूतकाळाचे शेवट लावून होतो. त्यात शेवटी एस असतो. आज बरेच फ्रेंच लोक ‘झीरे’ आणि ‘झीरॅ’ सारखेच उच्चारतात, म्हणून श्रुतलेखनात मागचापुढचा संदर्भ बघा.

८. ‘झ व्हे मांझे’ आणि ‘झ मांझरे’, दोन्ही ‘मी जेवणार’च ना? मग फरक काय?

पहिला प्रकार, म्हणजे ‘आले’चा वर्तमानकाळ अधिक मूळ क्रियापद, बोलण्यात फार चालतो. ज्याची तयारी आता दिसते आहे असं भविष्य त्यातून सांगतात: ताट वाढलंय, मी जेवणार आहे. दुसरा जरा लांबचा, योजनेचा किंवा वचनाचा. ही सीमा काटेकोर नाही. बोलताना पहिल्याने दुसऱ्याची बरीच जागा खाल्ली आहे.

नकार ‘आले’ला गुंडाळतो: ‘झ न व्हे पा मांझे’. आणि हे फक्त वर्तमानकाळात आणि अपूर्ण भूतकाळात चालतं. ‘झ स्वी-ज़ाले मांझे’ म्हटलंत तर अर्थ ‘मी जेवायला गेलो’ असा सरळ प्रवासाचा होतो. ‘झ व्हे आले’ (मी जाणार आहे) यात ‘आले’ दोनदा आलं म्हणून दचकू नका, बरोबर आहे.

९. भूतकाळात ‘आव्वार’ न लागता ‘एत्र’ का लागतं? आणि शेवटी ई कधी लावायचा?

‘आले’ हे जा-ये, जन्म-मृत्यू यांसारख्या मोजक्या अकर्मक क्रियापदांत बसतं, आणि त्यांना ‘एत्र’ (असणे) लागतं. मग भूतकालवाचक रूप कर्त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं. मराठी माणसाला हे नवीन नाही. ‘मी गेलो’ म्हणणारा पुरुष, ‘मी गेले’ म्हणणारी बाई. आपल्याकडे ते ऐकू येतं, फ्रेंचमध्ये फक्त लिहिण्यात दिसतं: पुरुष, काही नाही, स्त्री, जादा ई, अनेकवचन, एस, फक्त स्त्रिया असतील तर ई-एस. उच्चार चारही वेळा ‘आले’.

चुका होतात त्या दोन जागी. एक, मिश्र घोळका. मराठीत ‘ती सगळी गेली’ असं नपुंसकलिंग वापरता येतं. फ्रेंचमध्ये नव्व्याण्णव बायका आणि एक पुरुष असला तरी पुल्लिंगी अनेकवचन. दोन, आदरार्थी ‘व्हू’. बाईंना ‘तुम्ही गेलात का’ विचारताना मराठी क्रियापद अनेकवचनी होतं. फ्रेंचमध्ये ‘एत्र’चं रूप अनेकवचनी, पण बाई एकच, म्हणून पुढच्या शब्दाला ई लावा, एस लावू नका.

१०. कुणी ‘झे एते आ पारी’ म्हणालं. हे तर ‘एत्र’चं रूप. ‘गेलो’ असा अर्थ कसा?

बोली फ्रेंचमध्ये ‘असणे’चा भूतकाळ ‘जाऊन आलो’ या अर्थाने सर्रास वापरतात. जुन्या साहित्यात ‘इल फ्यु’ (तो होता) हे ‘तो गेला’ या अर्थीही भेटतं. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्यांना यात नवल वाटणार नाही, कारण तिथे ‘फुई’ म्हणजे ‘मी होतो’ही आणि ‘मी गेलो’ही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र प्रश्न ९ मधलंच रूप लिहा.

११. सबजंक्टिव्हचं (गरज, इच्छा सांगताना लागणाऱ्या रूपाचं) ‘आय’ कसं लक्षात ठेवायचं?

झाय, त्यु आय, इलाय, इल-ज़ाय: चारही ठिकाणी आवाज ‘आय’, स्पेलिंगमधले शेवट वेगळे. ‘नू-ज़ालियों’ आणि ‘व्हू-ज़ालिये’ ही दोन परत ‘आल’कडे वळतात. नेहमीचं वाक्य आहे ‘इल फो क झाय’, मला जायला हवं. तेच घोटून घ्या.

‘आव्वार’चं ‘झे’ (ए-आय-ई) याच्याशी घोळ करू नका. तिथे ‘ए’ आहे, ‘आय’ नाही. लसणाचा फ्रेंच शब्दही ‘आय’च उच्चारतात.

१२. आले, आले, आले: ऐकायला सगळं एकच. ई-आर, ई-झेड की नुसता तिरक्या रेघेचा ई, कसं ओळखायचं?

फ्रेंच मुलंही इथेच अडखळतात आणि त्यांच्या शाळेत एक जुनी युक्ती सांगतात. ‘आले’ काढून तिथे ‘व्हांद्र’ (विकणे) घाला. अर्थ बिघडू दे, व्याकरण बघा. ‘व्हांद्र’ बसलं तर ई-आर. ‘व्हांद्यु’ (विकलेलं) बसलं तर तिरक्या रेघेचा ई. समोर ‘व्हू’ असेल आणि ‘व्हांदे’ बसत असेल तर ई-झेड. आज्ञार्थातही ई-झेडच: खेळाच्या मैदानावरची ‘आले ले ब्ल’ ही आरोळी तशीच लिहितात. फ्रान्सच्या राष्ट्रगीताचा पहिला शब्द ‘आलों’ हाही याच क्रियापदाचा आज्ञार्थ.

१३. ‘सा व्हा’चा (कसं चाललंय?) उगम शौचाच्या चौकशीत आहे, हे खरं का?

ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. ‘आले आ ला सेल’ म्हणजे शौचाला होणे हा वाक्प्रयोग खरोखर आहे, म्हणून ती पटते. पण ‘आले’ला ‘चालणे, ठीक असणे’ हा अर्थ आतड्यांच्या मदतीशिवायही आहे, आणि मराठीतला ‘कसं चाललंय?’ पोट साफ होतंय का हे विचारायला जन्मला नाही. माझा या गोष्टीवर विश्वास नाही.

वापराचं सांगायचं तर मित्राला ‘सा व्हा?’, उत्तरही ‘सा व्हा’. सरांना ‘कोमां-ताले-व्हू?’. आणि ‘स रूझ त व्हा ब्यँ’ म्हणजे हा लाल रंग तुला छान दिसतो.

१४. ‘जाणे’पुढे आ, आं, ओ, शे: कुठे काय?

शहर असेल तर ‘आ’: आ पारी, आ मुंबई, आ पुणे. स्त्रीलिंगी देशाला किंवा स्वराने सुरू होणाऱ्या देशाला ‘आं’: आं फ्रांस, आं-नँद (भारतात). व्यंजनाने सुरू होणाऱ्या पुल्लिंगी देशाला ‘ओ’: ओ झापों. अनेकवचनी देशांनाही ऐकायला ‘ओ’च, पण स्पेलिंगमध्ये शेवटी एक्स. महाराष्ट्र फ्रेंचमध्ये पुल्लिंगी, म्हणून ‘ओ महाराष्ट्र’ किंवा ‘दां ल महाराष्ट्र’. गोवा राज्य असूनही ‘आ गोआ’ म्हणतात.

माणसाकडे जायचं असेल तर ‘शे’: डॉक्टरकडे ‘शे ल मेद्सँ’, पण दवाखान्यात ‘आ’. मराठीतला ‘-कडे’ आणि ‘-त’ यांचा फरक इथे जवळजवळ तसाच लागू पडतो. वाहनात बसत असाल तर ‘आं’, पायी किंवा सायकलवर ‘आ’.

१५. निघताना ‘जातो’ म्हणणं फ्रेंचमध्येही अशुभ मानतात का?

नाही. आपण दारात ‘येतो हं’ म्हणतो. फ्रेंच माणूस बिनदिक्कत ‘झी व्हे’ किंवा ‘झ मां व्हे’ म्हणून चपला घालतो. ‘येतो’चं शब्दशः भाषांतर केलंत तर यजमान तुमची वाट बघत बसतील. आतून हाक आली आणि तुम्ही ‘आलो, आलो’ म्हणणार असाल तर तिथे ‘झारीव्ह’ म्हणा. नुसतं घराबाहेर पडण्याला, म्हणजे ‘निघणे’ला, ‘पार्तीर’ आहे. त्यात कुठे जायचं हे सांगावं लागत नाही. ‘आले’ला मात्र ठिकाण लागतं, निदान ‘तिथे’ म्हणणारा ‘ई’ तरी (प्रश्न १८).

१६. क्वेबेकच्या (कॅनडातल्या फ्रेंचभाषी प्रांताच्या) एका व्हिडिओत ‘झ व्हा’ ऐकलं. ते चूक आहे का?

आजच्या प्रमाण फ्रेंचमध्ये हो. पण इतिहास उलटा आहे. १६४७ साली व्याकरणकार व्होझ्ला यांनी नोंदवलंय की सगळा दरबार ‘झ व्हा’ म्हणतो आणि ‘झ व्हे’ हे गावंढळ किंवा पॅरिसच्या सामान्य लोकांचं समजलं जातं. पुढे ‘व्हे’ जिंकलं आणि ‘व्हा’ गावंढळ ठरलं. क्वेबेकच्या बोलीत जुनं रूप टिकून आहे. १७०२ साली वारलेल्या व्याकरणकार बुऊर यांच्याबद्दल अशी आख्यायिका सांगतात की मरतानाही त्यांनी ‘मी मरणार आहे’ हे दोन्ही रूपांत म्हणून दाखवलं आणि दोन्ही चालतात असा निर्वाळा दिला.

१७. ‘सां-नाले’ म्हणजे वेगळं काय? आणि भूतकाळात शब्दांचा क्रम कसा?

निघून जाणे. ‘झ मां व्हे’, मी निघालो. भूतकाळाचं प्रमाण रूप ‘झ मां स्वी-ज़ाले’. बोलताना ‘झ म स्वी-ज़ां-नाले’ ऐकू येतं, कारण लोकांच्या कानाला ‘आं-नाले’ एकच शब्द वाटतो. लिहिताना पहिलंच ठेवा. ‘इल सां-ने-ताले’ म्हणजे मराठीतल्या ‘ते गेले’सारखं, कुणी वारल्याचं हळुवारपणे सांगायलाही वापरतात.

१८. ‘व्हा’ला एस नाही, मग ‘व्हा-ज़ी’त तो कसा? आणि ‘व्हा-तां’, ‘व्हा-तिल’मधला टी कुठला?

आज्ञार्थी ‘व्हा’ला (तू जा) एस नसतो. पुढे ‘ई’ (तिथे) आला की दोन स्वर भिडू नयेत म्हणून एस परत येतो आणि मध्ये जोडरेघ: ‘व्हा-ज़ी’. पण तो ‘ई’ पुढच्या क्रियापदाचा असेल तर एस येत नाही: ‘व्हा ई मेत्र द लोर्द्र’ (जा, तिथे शिस्त लाव) यात ‘ई’ हा ‘मेत्र’चा आहे, म्हणून जोडरेघही नाही.

दोन टी वेगळे आहेत. ‘व्हा-तिल?’ (तो जातो का?) मधला टी केवळ उच्चाराच्या सोयीसाठी, दोन्ही बाजूंना जोडरेघ. ‘व्हा-तां’ (चालता हो) मधला टी म्हणजे ‘त’ (तुला) हे सर्वनाम, म्हणून त्याच्यापुढे लोपचिन्ह. आदरार्थी रूप ‘आले-व्हू-ज़ां’.

आणि एक उलटा अपवाद: भविष्यकाळात ‘ई’ गळतो. ‘झी व्हे’ बरोबर, पण ‘मी तिथे जाईन’ म्हणजे नुसतं ‘झीरे’. ‘ई इरे’ असे दोन ‘इ’ लागोपाठ फ्रेंच कानाला सहन होत नाहीत. संकेतार्थालाही हाच नियम.